युद्ध चालू असताना शत्रूचं हायकमिशन दिल्लीत उघडं कसं राहतं?

प्रतापनगरचा_पोट्टा

राम राम मंडळी. आमच्या पानठेल्यावर एक वाद चालून राहिला आहे आणि निकाल काही लागत नाही. मे २०२५ मध्ये ७ तारखेपासून १० तारखेपर्यंत दोन्हीकडून ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सुटत होती. त्या चारही दिवसांत चाणक्यपुरीत पाकिस्तानचं हायकमिशन उघडं होतं आणि इस्लामाबादेत आपलं. माझा मित्र म्हणतो, हे लाजिरवाणं आहे, ७१ ला इंदिराबाईंनी पहिल्याच दिवशी संबंध तोडून टाकले होते. मला ते पटत नाही, पण हाताशी पुरावा नाही.

तर खरं काय? ७१ ला कोणी तोडलं? आणि लढाई सुरू असताना समोरच्याचा दूतावास ठेवून आपल्याला मिळतं काय? कोणाला नीट माहीत असेल तर सांगा. व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड नका चिकटवू.

इतवारी_किराणा

मिळतं काय? हेर मिळतात. अर्धा स्टाफ तोच असतो, दोन्हीकडे. १३ मे ला आपण त्यांच्या एका माणसाला चोवीस तासांत निघ म्हणून सांगितलंच ना. मग बाकीचे काय चहा प्यायला ठेवले?

जरीपटका_अर्जनवीस

आधी मित्राचा दावा निकाली काढतो. १९७१ चं युद्ध ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले तेव्हा सुरू झालं. इंदिराबाई तेव्हा कलकत्त्यात होत्या. त्या दिवशी कोणी काही तोडलं नाही, ४ ला नाही, ५ ला नाही. ६ डिसेंबरला भारताने बांगलादेशाला मान्यता दिली आणि त्यावर पाकिस्तानने भारताशी राजनैतिक संबंध तोडले. म्हणजे तोडणारे ते, आणि तेही रागाच्या भरात. मित्राला म्हणा, पान तुझ्याकडून.

आता "मिळतं काय" याचं उत्तर. मी नागपूरच्या जरीपटक्यात अर्ज लिहायचं काम करतो. पूर्वी टाइपरायटर होता, आता पोरगा पोर्टलवर भरतो आणि मी बाजूला बसून त्याच्या चुका काढतो. माझ्याकडे सिंधी कुटुंबं फार. फाळणीत आलेले केव्हाच नागपूरकर झाले, त्यांच्या नातवंडांना सिंधी धड येत नाही. पण घोटकी, सक्खर, जेकबाबाद, शिकारपूर इकडून माणसं नंतरही येतच राहिली. व्हिसावर येतात, मग लाँग टर्म व्हिसा काढतात, त्याला आमच्याकडे सगळे एलटीव्ही म्हणतात. पाकिस्तानी पासपोर्टवर राहणारे राज्यात सगळ्यात जास्त लोक नागपुरात आहेत, हे एप्रिल २०२५ मध्ये पेपरात आलं तेव्हा बाकी महाराष्ट्र दचकला. आमच्या गल्लीत कोणाला त्याचं नवल नव्हतं.

एलटीव्हीवाला माणूस कागदावर पाकिस्तानचाच नागरिक असतो. त्याचा पासपोर्ट जिवंत पाहिजे. तो संपला तर नवा मिळणार कुठे? दिल्लीला, त्यांच्याच हायकमिशनमध्ये. पुढे भारताचं नागरिकत्व मागायचं तर जुना पासपोर्ट परत केल्याचा कागद लागतो, सरेंडर सर्टिफिकेट. तेही तिथूनच. डिसेंबर २०१६ पासून नागपूरच्या कलेक्टरला या लोकांना नागरिकत्व द्यायचा अधिकार आहे, देशातल्या निवडक जिल्ह्यांत आपला एक. तरी फाईल अडायची ती त्या एका कागदावर. मार्च २०२४ मध्ये सीएएचे, म्हणजे नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम आले, त्यात ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांचा मुदत संपलेला पासपोर्टही चालतो, त्यामुळे बरेच जण सुटले. जे त्यानंतर आले त्यांची वाट अजून चाणक्यपुरीवरूनच जाते.

आता एप्रिल २०२५ आठवा. २२ ला पहलगाम. २३ ला आपण सिंधू करार स्थगित केला, अटारीचा नाका बंद केला, त्यांच्या हायकमिशनमधले लष्करी सल्लागार परत पाठवले आणि एकूण माणसं ५५ वरून ३० वर आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी व्हिसे रद्द झाल्याची बातमी आली. त्या आठवड्यात माझ्या दुकानाबाहेर चपलांचा ढीग होता. एक म्हातारी आली, सोबत मुलगा. तिने कॅरीबॅगमधून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. हिरवा पासपोर्ट, रेसिडेन्शियल परमिट, लाइटबिल, आणि घडी घालून ठेवलेला पेपर. परमिटच्या पानावर मुदतवाढीचे शिक्के एकावर एक, काही तारखा बॉलपेनने लिहिलेल्या, घामाने पसरलेल्या. पेपर माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "भाईसाहब, इसमें हमारा भी है क्या?"

तिचं त्यात नव्हतं. हिंदूंचे आधीचे एलटीव्ही कायम राहतील असं परराष्ट्र खात्याने २४ लाच सांगितलं होतं. मी ते तिला दोनदा वाचून दाखवलं. मुलाची काळजी मात्र वेगळी होती आणि ती बरोबर होती. आईचा पासपोर्ट त्याच वर्षी संपत होता. त्याने विचारलं, "युद्ध झालं आणि हायकमिशनला कुलूप लागलं तर?"

तर काय, हे ७१ ने दाखवून ठेवलं आहे. संबंध तुटल्यावर आपलं इस्लामाबादेतलं आणि त्यांचं दिल्लीतलं काम स्वित्झर्लंडने अंगावर घेतलं. दोन्ही बाजूंचा निरोप्या एकच. हे १९७६ पर्यंत चाललं. मे १९७६ मध्ये पुन्हा संबंध जोडायचं ठरलं आणि जुलैत राजदूत, रेल्वे, विमानं सुरू झाली. म्हणजे लढाई तेरा दिवसांची आणि खिडकी बंद साडेचार वर्षं. ज्याची बहीण कराचीला आणि भाऊ इकडे, त्याला तो हिशेब कोणी विचारला नाही.

हेरांबद्दल: असतात. दोघांनाही माहीत असतात. त्यांना हाकलतात तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिकडून आपल्या माणसालाही तेच सांगितलं जातं. १३ मे ला आपण एकाला काढलं, त्यांनीही आपल्या एकाला काढलं. पण बघा, काढलं एकाला, दार लावून घेतलं नाही.

वायुसेनानगर_निवृत्त

अर्जनवीस साहेब, तुमच्या धंद्यापुरतं बरोबर आहे. पण युद्धात देशाला पासपोर्टच्या खिडकीशी काय घेणंदेणं? गोळीबार थांबवायचं बोलणं डीजीएमओ करतात. दोन्ही लष्करांच्या ऑपरेशन्स प्रमुखांमध्ये हॉटलाइन आहे, एरवीही मंगळवारी बोलणं होतं. १० मे ला पाकिस्तानच्या डीजीएमओने फोन केला, दुपारी ३:३५ ला बोलणं झालं, संध्याकाळी ५ पासून गोळीबार बंद. राजदूतांचा संबंध कुठे आला?

कारगिलचंही तेच. ११ जुलै १९९९ ला अटारीला दोन्ही डीजीएमओ समोरासमोर बसले आणि माघारीचा कार्यक्रम ठरला. वर्दीवाला वर्दीवाल्याशी दोन मिनिटांत बोलतो. सुटाबुटातले लोक मसुद्यात स्वल्पविराम कुठे द्यायचा यावर दुपार घालवतात.

जरीपटका_अर्जनवीस

साहेब, सॅल्यूट. पण १० मे चं तुम्ही अर्धंच सांगितलंत.

३:३५ ला फोन झाला हे खरं. तो फोन हवा आहे ही विनंती आली कशी, हे परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने १३ मे च्या पत्रकार परिषदेत सांगितलं होतं. पाकिस्तानला सुरुवातीला हॉटलाइन जोडता येत नव्हती, तांत्रिक अडचण. मग विनंती आली दिल्लीतल्या त्यांच्या हायकमिशनकडून परराष्ट्र खात्याला, दुपारी १२:३७ ला. त्यानंतर आपल्या डीजीएमओंच्या सवडीने ३:३५ ची वेळ ठरली. म्हणजे क्षेपणास्त्रं सुटत असताना, हॉटलाइन रुसलेली असताना, निरोप पोचवला तो त्याच ३० माणसांच्या खिडकीने. कोणी फोन उचलला, कोणी टिपण घेतलं, ते आपल्याला कळणार नाही. पण १२:३७ ही वेळ कोणीतरी नोंदवून ठेवली. मी कारकुनी जातीचा माणूस, मला त्या मिनिटाचं फार कौतुक.

आता याच्या शेजारी १९७१ ठेवा. १४ डिसेंबर. ढाक्यात गव्हर्नमेंट हाऊसवर आपल्या मिग विमानांनी हल्ला केला, पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा लिहिला आणि रेडक्रॉसने तटस्थ जाहीर केलेल्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात आसरा घेतला. त्या संध्याकाळी तिथल्या पाकिस्तानी फौजेचे प्रमुख जनरल नियाझींना लढाई थांबवायची होती. समोर आपलं सैन्य, ढाक्याच्या वेशीवर. निरोप द्यायचा कोणाला आणि कोणाच्या हाती? भारताचं ढाक्यातलं कार्यालय त्याच वर्षी बंद झालेलं, ६ डिसेंबरला तर सगळेच संबंध तुटलेले. नियाझी आणि मेजर जनरल राव फरमान अली गेले अमेरिकन कॉन्सुल जनरल हर्बर्ट स्पिव्हॅक यांच्याकडे. त्यांनी तो निरोप आपल्याच सरकारकडे पाठवला, वॉशिंग्टनला. तिथून फिरून तो दिल्लीत माणेकशांच्या हाती पडला १५ च्या दुपारी. ढाका ते दिल्ली, व्हाया वॉशिंग्टन.

मग माणेकशांनी काय केलं ते बघा, मला ती गोष्ट फार आवडते. त्यांनी १५ च्या संध्याकाळी ५ पासून ढाक्यावरचे हवाई हल्ले थांबवले, दुसऱ्या दिवशी सकाळी ९ पर्यंत मुदत दिली, आणि उत्तरात कलकत्ता-ढाका थेट बोलण्यासाठी रेडिओच्या फ्रिक्वेन्सी कळवल्या, दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी. म्हणजे आता वॉशिंग्टनमार्गे नको, सरळ बोला. मुदत पुढे वाढवली, जनरल जेकब ढाक्याला गेले आणि १६ ला संध्याकाळी रमना रेसकोर्सवर सह्या झाल्या.

वॉशिंग्टनला निरोप नुसता वाटेमुळे रेंगाळला असं मी म्हणत नाही. अमेरिकेने आधी रावळपिंडीचा कानोसा घेतला, शिवाय तेव्हा निक्सन-किसिंजर कोणत्या बाजूचे होते हे जगाला माहीत होतं. पण मुद्दा तोच आहे. तिसऱ्याच्या हातून चिठ्ठी पाठवली की ती तिसऱ्याच्या सोयीने पोचते. तेवढा वेळ खाली माणसं मरत असतात, आपलीही.

आणि कारगिलमध्ये फक्त वर्दीवाले बोलले हेही खरं नाही. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता २७ मे १९९९ ला पकडले गेले, ३ जूनला सुटले. इस्लामाबादेत तेव्हा आपले उच्चायुक्त होते जी. पार्थसारथी. त्यांनी पुढे सांगितलंय की पाकिस्तानला नचिकेतांना पत्रकारांच्या गर्दीत त्यांच्या हवाली करायचं होतं आणि त्यांनी त्या तमाशाला जायला नकार दिला. हा नकार द्यायला तिथे माणूस असावा लागतो. १२ जूनला त्यांचे परराष्ट्रमंत्री सरताज अझीझ दिल्लीला आले, जसवंतसिंहांना भेटले, रिकाम्या हाताने परत गेले. आदल्या दिवशी आपण मुशर्रफ आणि जनरल अझीझ खान यांच्या फोनची टेप जाहीर केली होती. पाहुणा येणार म्हणून रांगोळी काढावी तशी. आणि ते सगळं चालू असताना पडद्यामागे दोन्ही पंतप्रधानांचे खासगी दूत, आपले आर. के. मिश्रा आणि त्यांचे नियाझ नाईक, यांच्या फेऱ्या चालूच होत्या. अटारीची ११ जुलैची बैठक झाली ती या सगळ्यानंतर, आणि ४ जुलैला नवाझ शरीफ वॉशिंग्टनला जाऊन क्लिंटनना भेटून आल्यानंतर.

वायुसेनानगर_निवृत्त

१२:३७ चं मला ठाऊक नव्हतं. मान्य. तरी शेवटी लाइन जोडली गेली ती दोन जनरलांचीच. आणि २०१९ ला अभिनंदनला वाघ्यापर्यंत घेऊन आला तोही आमच्याच निळ्या वर्दीतला, हायकमिशनमधला हवाई दलाचा अधिकारी.

जरीपटका_अर्जनवीस

अगदी. आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन्हीकडची जी पदं रद्द झाली त्यात नेमकं तेच पद होतं. मला विचाराल तर कात्री चुकीच्या जागी लागली. पण मला कोणी विचारत नाही.

लॉ_कॉलेज_चौक

दोघांमध्ये थोडा कायदा टाकते. राजनैतिक संबंधांबाबतचा व्हिएन्ना करार १९६१ चा. त्याचं ४४ वं कलम म्हणतं की सशस्त्र संघर्ष असला तरी यजमान देशाने दुसऱ्याच्या राजनैतिक अधिकाऱ्यांना सुखरूप आणि लवकर निघून जायची सोय करून द्यायची. ४५ वं म्हणतं की संबंध तुटले तरी इमारत, मालमत्ता आणि दप्तर जपायचं, आणि आपल्या हितसंबंधांची जबाबदारी दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या देशाकडे देता येते. स्वित्झर्लंडने ७१ ला जे केलं ते यात बसतं. तेच स्विस १९८० पासून इराणमध्ये अमेरिकेचं काम बघतात. म्हणजे युद्ध झालं की संबंध आपोआप संपतात असा कुठलाही नियम नाही. तोडायचे तर कोणीतरी उठून तसं जाहीर करावं लागतं.

उदाहरणं: १९६२ ला चीनशी लढाई झाली, पेकिंगमधला आपला दूतावास चालू राहिला, चाऊ एन-लाय आणि नेहरू यांची पत्रं ये-जा करत राहिली. मात्र तिथे राजदूत नव्हता, प्रभारी होता, आणि राजदूत पाठवायला १९७६ उजाडलं, के. आर. नारायणन. १९६५ ला पाकिस्तानशी संबंध तुटले नाहीत, पण कराचीतल्या आपल्या हायकमिशनमध्ये तिकडचे पोलीस झडतीला घुसले. ताश्कंदच्या जाहीरनाम्यात, १० जानेवारी १९६६, दोन्ही उच्चायुक्त आपापल्या जागी परत जातील असं एक स्वतंत्र कलमच आहे. शास्त्रीजींच्या शेवटच्या सहीतलं हे कलम कोणाला आठवत नाही.

प्रतापनगरचा_पोट्टा

वा, पानठेला गप्प होणार. एक उपप्रश्न. जर संबंध ठेवण्यात इतका फायदा आहे तर मग आपण उच्चायुक्त का ठेवत नाही? मी वाचलं की आता दोन्हीकडे फक्त प्रभारी आहेत. आणि युक्रेनने तर रशियाशी पूर्ण तोडलं, त्यांचं काय अडलं?

जरीपटका_अर्जनवीस

उच्चायुक्त ऑगस्ट २०१९ पासून नाहीत. ३७० चा निर्णय झाला आणि पाकिस्तानने आपले अजय बिसारिया यांना परत पाठवलं, त्यांचा उच्चायुक्त आलाच नाही. तेव्हापासून दोन्हीकडे चार्ज द अफेअर्स, म्हणजे प्रभारी. २०२० च्या जूनमध्ये माणसं निम्मी करून ५५ वर आली. २०२५ मध्ये ३० वर.

याकडे जिना म्हणून बघा. वरून एकेक पायरी खाली येतात, तळघरात कोणी जात नाही. संसदेवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००१ मध्ये आपण आपले उच्चायुक्त विजय नंबियार यांना परत बोलावलं, समझौता एक्स्प्रेस आणि दिल्ली-लाहोर बस बंद केली, मे २००२ मध्ये त्यांच्या उच्चायुक्तांना जायला सांगितलं. सीमेवर दोन्ही फौजा महिनोन्महिने समोरासमोर. तरी दोन्ही कार्यालयं चालू होती, आणि २००३ ला पुन्हा वर चढता आलं ते जिना तोडला नव्हता म्हणून. प्रत्येक पायरी म्हणजे सरकारला राग दाखवायचं एक साधन आहे, आणि ते लोकांनाही दिसतं, पेपरात छापून येतं. सगळ्या पायऱ्या एकाच दिवशी उतरलो तर दुसऱ्या दिवशी दाखवायला काही शिल्लक राहत नाही.

त्यात एक मजा बघा. हे सगळं भांडण चालू असताना काही कागद ठरल्या दिवशी जातातच. ३१ डिसेंबर १९८८ ला एक करार झाला होता, एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही. त्यापोटी १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी समोरच्याला देतात. कारगिल असो, मुंबईचा हल्ला असो, पुलवामा असो. आणि २००८ च्या करारानुसार १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या तुरुंगातले कैदी आणि मच्छीमार यांच्या याद्या. २०२५ चा १ जुलै, मे महिन्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तरी याद्या गेल्या. आपल्या पालघर-गुजरातच्या मच्छीमारांची नावं त्या यादीत असतात. कोणाचा बाप कराचीच्या तुरुंगात जिवंत आहे की नाही हे घरच्यांना त्यावरून कळतं.

आणखी एक. सिंधू करार स्थगित, म्हणजे त्याखालचा पाण्याचा माहितीव्यवहारही बंद. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मूकडे तुफान पाऊस झाला, तावी नदीला पूर येणार असं दिसलं. खाली पाकिस्तानात गावं आहेत. आपण इशारा दिला, पण करारातल्या सिंधू आयोगामार्फत द्यायचा तर करार चालू आहे असं झालं असतं. मग तो गेला इस्लामाबादेतल्या आपल्या हायकमिशनमार्फत, माणुसकी म्हणून. सरकारने आपला हट्टही सोडला नाही आणि लोक बुडू दिले नाहीत. दोन्ही जमलं, कारण तिसरी वाट उघडी होती. परराष्ट्र धोरणावर टीव्हीत जे आरडाओरडा करतात त्यांच्या तोंडी हे कधी येत नाही, कारण त्यात ओरडण्यासारखं काही नाही.

युक्रेनचं वेगळं आहे. त्यांच्या राजधानीवर रणगाडे चाल करून आले, २४ फेब्रुवारी २०२२ ला त्यांनी त्याच दिवशी संबंध तोडले. त्यांना कोण नावं ठेवील? पण बोलणं थांबलं का? मार्चमध्ये इस्तंबूलला शिष्टमंडळं बसली. जुलै २०२२ मध्ये धान्याच्या जहाजांचा करार झाला, तोही असा की रशिया आणि युक्रेन यांनी एकमेकांच्या कागदावर सही न करता तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांबरोबर वेगवेगळ्या सह्या केल्या. कैद्यांच्या अदलाबदलीत अमिराती मध्ये. म्हणजे बोलावं लागलंच, फक्त मध्यस्थाच्या घरी जाऊन. ७२ ला आपणही हेच केलं. दूतावास नाहीत म्हणून शिमला कराराची तयारी करायला इंदिराबाईंचे दूत डी. पी. धर एप्रिलमध्ये स्वतः पाकिस्तानात मरीला गेले, तिथे अझीझ अहमद यांच्याशी बसले, मग २ जुलैला करार. त्र्याण्णव हजार युद्धकैदी इकडे, काही तर इथून जवळ जबलपूरला, नियाझी त्यांत. त्यांना परत पाठवायचा करार व्हायला २८ ऑगस्ट १९७३ उजाडलं आणि नियाझी वाघा ओलांडून गेले ३० एप्रिल १९७४ ला. त्या उशिराचं खरं कारण बांगलादेशाच्या मान्यतेचं आणि खटल्यांचं राजकारण होतं, दूतावास नव्हे. पण एक साधी चौकशी करायची तरी बर्नचं, म्हणजे स्विसांचं, दार ठोठवावं लागायचं.

इतवारी_किराणा

तुमचं सगळं ऐकलं काका. तरी मी म्हणतो, आपल्या जवानांचं रक्त सांडत असताना त्यांच्या गाडीला निळी नंबरप्लेट लावून दिल्लीत फिरू द्यायचं, हे माणसाच्या पोटात दुखतंच. व्हिएन्नाचं कलम सांगून दुखणं जात नाही.

जरीपटका_अर्जनवीस

दुखू द्या, त्यात गैर काही नाही. मलाही दुखतं. पहलगामनंतर माझ्या दुकानात बसून मीच हिरव्या पासपोर्टच्या प्रती काढत होतो आणि शेजारचा येऊन म्हणून गेला, "काऊन करून राहिला बे यांचं काम?" ज्यांचं काम करत होतो ते तिकडून जीव मुठीत धरून आलेले, कोणाची पोरगी पळवलेली, कोणाचं दुकान लुटलेलं. त्यांच्याइतका त्या देशाचा राग नागपुरात दुसऱ्या कोणाला असेल असं मला वाटत नाही. आणि हायकमिशन उघडं आहे का, हे सगळ्यात आधी विचारणारेही तेच.

खामला_सिंधी_कॉलनी

अंकल, धागा आत्ताच वाचला. माझ्या मावशीचा एलटीव्ही आहे, ती २०१७ ला आली. २०२५ ला पुन्हा नव्याने अर्ज भरा असं सांगितलं होतं तेव्हा आम्ही भरला. आता तिचा पासपोर्ट सहा महिन्यांत संपतोय. दिल्लीला जावं लागेल का? घरात सगळे घाबरून आहेत, कोणी म्हणतं जाऊच नका, नाव लागेल.

जरीपटका_अर्जनवीस

बेटा, घाबरायचं काही नाही, पण उशीर करू नका. २०१७ ला आली म्हणजे सीएएच्या तारखेत बसत नाही, त्यामुळे पासपोर्ट चालू ठेवलेला बरा आणि तो फक्त त्यांच्याच हायकमिशनमधून होतो. माणसं कमी झाली आहेत, खिडकीला वेळ लागणार हे धरून चाला. सहा महिने हातात आहेत तर आत्ताच हलवा.

मावशीने एकटीने जायचं नाही, घरचा एक माणूस सोबत. एलटीव्हीवर नागपूरच्या बाहेर जायचं तर आधी पोलिसांच्या परदेशी नागरिक शाखेत विचारा. परवानगी काय लागते ते तिथेच कळेल आणि जे मिळेल ते लेखी घ्या. तोंडी "जा, काही होत नाही" यावर विसंबून जीटी एक्स्प्रेसमध्ये बसू नका. जुना पासपोर्ट, एलटीव्हीचा आदेश, परमिट, सगळ्याच्या तीन-तीन प्रती काढा आणि एक संच घरी ठेवा. मूळ कागद कुठल्याही दलालाच्या हातात द्यायचे नाहीत, तो कितीही ओळखीचा असो. नवा पासपोर्ट आला की त्याचा नंबर एलटीव्हीच्या नोंदीत बदलून घ्यायचा. बहुतेकांचं इथेच अडतं, कारण पासपोर्ट आला म्हणजे झालं असं समजून लोक घरी झोपतात.

सरेंडरचा विचार आत्ता नको. नागरिकत्वाचा अर्ज पुढे सरकून कलेक्टर ऑफिसने तो कागद मागितला की मगच. आधी पासपोर्ट देऊन बसलात तर इकडचेही नाही आणि तिकडचेही नाही अशी गत होते. उद्या अकरानंतर कागद घेऊन या, रविवारी दुकान बंद असतं.